कॅनडा ली : लाचारीचे संवाद नाकारणारा कृष्णवर्णीय अभिनेता

कॅनडा ली (३ मार्च १९०७ – ९ मे १९५२) हे अमेरिकन रंगभूमी आणि चित्रपटांतील एक थोर कृष्णवर्णीय चरित्र अभिनेते. अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते व्हायोलिनवादक, जॉकी, मुष्टियोद्धा, नट आणि नाट्यनिर्माते झाले. आंबेडकरी कार्यकर्त्यांना पॉल रोबसन हे नाव परिचित आहे. त्यांच्याच काळातील ली यांची ओळख मात्र आपल्याकडे फारशी कोणी करून दिलेली नाही. नाटक, सिनेमा, पथनाट्य आणि जलशात काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा जीवनपट वाचावा, यासाठी आम्ही तो येथे देत आहोत.

जन्म आणि बालपण

ली यांचे मूळ नाव लिओनार्ड लायोनेल कॉर्नेलियस कॅनेगाटा. जन्म न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला, वडील कॅरिबियन बेटांतील सेंट क्रॉईहून आलेले. बालपण हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गेले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे आणि त्या वेळी ली हे त्याच शहरात वाढणारे लहान मूल होते.

सातव्या वर्षापासून ते संगीतकार जे. रोझमंड जॉन्सन यांच्याकडे व्हायोलिन शिकले. चौदाव्या वर्षी घरातून पळून ते साराटोगाला गेले, तिथल्या घोड्यांच्या तबेल्यात राबले आणि पुढे जॉकी झाले. अंगाने वाढल्यावर ते काम सुटले आणि ते हार्लेमला परतून बॉक्सिंगकडे वळले.

बॉक्सिंगचे रिंगण

‘कॅनडा ली’ हे नाव त्यांना रिंगणातच मिळाले. निवेदकाला ‘कॅनेगाटा’ नीट वाचता आले नाही, त्याने ‘कॅनडा ली’ असे पुकारले आणि तेच नाव कायम झाले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वेल्टरवेट गटातील नामवंत व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. एका लढतीत डोळ्याला मार बसून नेत्रपटल सुटले आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. १९३३ मध्ये बॉक्सिंग संपले. कमावलेला पैसाही तोवर संपला होता आणि बाहेर महामंदी होती.

रंगभूमी

१९३४ मध्ये ते मजुरीचे काम मागायला हार्लेमच्या वायएमसीएमध्ये गेले. तिथे एका नाटकासाठी नटांची निवड चालू होती. ली यांनी सहज प्रयत्न केला आणि त्यांना भूमिका मिळाली.

महामंदीत बेकार कलावंतांना काम देण्यासाठी अमेरिकन सरकारने ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू केला होता. त्याच्या हार्लेममधील कृष्णवर्णीय विभागाने १९३६ मध्ये लाफायेट थिएटरमध्ये शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ सादर केले. दिग्दर्शक होते वीस वर्षांचे ऑर्सन वेल्स. सगळे नट कृष्णवर्णीय, कथा स्कॉटलंडऐवजी कॅरिबियन बेटावर. या गाजलेल्या प्रयोगात ली यांनी बँको साकारला.

१९४१ मध्ये वेल्स यांनीच रिचर्ड राईट यांच्या ‘नेटिव्ह सन’ या कादंबरीवरील नाटक ब्रॉडवेवर आणले. शिकागोच्या गरीब वस्तीतला बिगर थॉमस श्रीमंत गोऱ्या घरात ड्रायव्हर म्हणून लागतो, घाबरलेल्या अवस्थेत त्याच्या हातून मालकाच्या मुलीचा जीव जातो आणि शेवटी त्याला मृत्युदंड होतो. ली यांनी हा बिगर गोऱ्या प्रेक्षकांना आवडावा म्हणून गोंडस केला नाही. त्याची भीती आणि संताप त्यांनी तसाच मांडला. या भूमिकेने त्यांना देशभर ओळख दिली.

१९४५ मध्ये ‘द टेम्पेस्ट’मध्ये ते कॅलिबन झाले. १९४६ मध्ये ‘द डचेस ऑफ माल्फी’मध्ये चेहऱ्याला पांढरा रंग लावून त्यांनी बोसोला या गोऱ्या पात्राची भूमिका केली. गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टर उडवण्याची परंपरा ज्या देशात रुजली होती, त्या देशात हे मोठेच पाऊल होते.

त्याच वर्षी त्यांनी मार्क मार्विन यांच्यासोबत ‘ऑन व्हिटमन ॲव्हेन्यू’ या नाटकाची निर्मिती केली आणि त्यात कामही केले. गोऱ्यांच्या मोहल्ल्यात भाड्याने राहायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला शेजारी कसे हुसकावून लावतात, हा त्याचा विषय. आडनाव विचारून भाड्याचे घर नाकारले जाण्याचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. १९४६ हेच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिल्याचे वर्ष. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी त्या पत्रात मागवली होती.

चित्रपट

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘लाईफबोट’ (१९४४) मध्ये ली यांना जहाजावरील कृष्णवर्णीय नोकर जो याची भूमिका मिळाली. संहितेत त्याच्या तोंडी मालकापुढे मान तुकवून ‘जी साहेब, होय साहेब’ करणारे संवाद होते. ली यांनी ते बदलून घेतले. ‘जोहार मायबाप’ टाकून ‘जय भीम’ म्हणणाऱ्या समाजाला या बदलाची किंमत ठाऊक आहे. भूमिका तरीही साच्यातून पूर्ण सुटली नाही. जो हा पूर्वीचा खिसेकापू दाखवला आहेच. पण जेवढे हाती होते तेवढे ली यांनी बदलले.

‘बॉडी अँड सोल’ (१९४७) मध्ये त्यांनी बेन चॅप्लिन हा मुष्टियोद्धा साकारला. मेंदूला इजा असूनही प्रवर्तकांनी लढायला लावलेला आणि मग वाऱ्यावर सोडलेला बेन पैशापुढे झुकत नाही. त्यामागे ली यांचा स्वतःचा अनुभव उभा होता.

काळी यादी आणि अखेर

१९४७ नंतर अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी मोहीम तीव्र झाली. वंशभेदाविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण संशयित ठरू लागला. १९४९ मध्ये ज्युडिथ कोप्लॉन यांच्या हेरगिरी खटल्यात एफबीआयची गुप्त कागदपत्रे न्यायालयात उघड झाली. त्यांत ली यांचेही नाव होते. आपण कम्युनिस्ट नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले. तरीही रेडिओ आणि दूरचित्रवाणीची दारे बंद झाली.

१९५० मध्ये ‘क्राय, द बिलव्हड कंट्री’च्या चित्रीकरणासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे वर्णभेदाचे कायदे नुकतेच लागू होत होते. सहकलाकार सिडनी पॉटियर यांनी पुढे सांगितल्यानुसार, या दोघांना देशात येता यावे म्हणून दिग्दर्शक झोल्टन कोर्डा यांचे करारबद्ध नोकर म्हणून दाखवावे लागले. पडद्यावर मात्र ली हेच नायक होते. हरवलेल्या मुलाला जोहान्सबर्गमध्ये शोधणाऱ्या स्टीफन कुमालो या वृद्ध धर्मगुरूची त्यांची भूमिका आजही नावाजली जाते. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. ९ मे १९५२ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. काळ्या यादीनेच ग्रासलेले ‘बॉडी अँड सोल’चे नायक जॉन गारफिल्ड त्यानंतर बाराच दिवसांनी गेले.

आपल्यासाठी

ली यांचा मुलगा कार्ल ली हाही अभिनेता झाला. पण ली यांचा खरा वारसा त्यांनी बदलून घेतलेल्या संवादांत आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज घेऊन त्यातून प्रबोधन उभे केले, तेव्हा आपल्या कलावंतांनीही हेच केले होते. आज मालिका, चित्रपट आणि वेबसिरीजमध्ये आपली मुले-मुली पुढे येत आहेत. हाती आलेल्या संहितेत आपला माणूस फक्त मार खाणारा, हात जोडणारा किंवा चोर असेल, तर दिग्दर्शकाला प्रश्न विचारावा. त्याने काम जाऊ शकते, ही भीती खरी आहे आणि ली यांचे आयुष्य ती लपवत नाही. म्हणूनच असा प्रश्न विचारणाऱ्या कलावंताला एकटे न सोडण्याची जबाबदारी चळवळीची, म्हणजे आपल्या सर्वांची आहे, असे आम्हाला वाटते.