मंडळी आणि मंडळ

ख्रिस्ती लोकांच्या मराठीत चर्चला 'मंडळी' म्हणतात. इमारत ती देऊळ किंवा मंदिर. तिच्यात जमणारी माणसे ती मंडळी. तिचा प्रमुख 'पाळक'. आमच्या बौद्ध वस्त्यांत जे असते त्याला 'मंडळ' म्हणतात. मंडळाला अध्यक्ष असतो, सचिव असतो, पावतीपुस्तक असते, जयंतीच्या आधी महिनाभर त्याला जाग येते. एका वेलांटीचा हा फरक मला अलीकडे फार छळतो आहे. त्याचा इतिहास शोधायला गेलो तेव्हा तो थेट माझ्या जिल्ह्यातून जात असल्याचे आढळले, म्हणून हे लिहीत आहे.

प्रसंग घरचा आहे. माझ्या चुलत्याने तीन वर्षांपूर्वी कापसाच्या शेतात विष घेतले. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य लिहिताना लेखकाला काही वेगळे लिहिल्यासारखे वाटत नाही, ही आमच्या जिल्ह्याची दशा आहे. सातबारा आजोबांच्या नावावर, कर्ज सावकाराचे. कचेरीने प्रकरण 'अपात्र' ठरवले आणि मदतीचे एक लाख रुपये मिळाले नाहीत. आमचे मंडळ आले. त्रिशरण-पंचशील झाले, पुण्यानुमोदन झाले, तीन भाषणे झाली. त्यातले एक माझे होते. मी शेतीमालाच्या भावावर बोललो आणि बरे बोललो असे लोक म्हणाले. नंतर मी कॉलेजच्या गावी परतलो.

मंगळवारी काकूच्या घरी शेजारच्या गावची एक बाई आली. मातंगातून ख्रिस्ती झालेली, सातवी शिकलेली. ती चार-पाच घरांची प्रार्थना चालवते. ती पुढच्या मंगळवारी आली, त्याच्या पुढच्याही. भाजी निवडू लागली, पोराच्या शाळेचे विचारू लागली, काकू रडली तेव्हा उठून गेली नाही. शेवटी दोन मिनिटे डोळे मिटून प्रार्थना. सहा महिन्यांनी मी काकूला जरा रागानेच विचारले, 'तू तिकडे चाललीस काय?' काकू म्हणाली, 'मी कुठीच नाई चालली रे बाप्पा. तुमचा जयभीम दारातून जाते, माह्या घरात बसत नाई. ते बाई बसते.'

पहिला विचार मला आला तो नेहमीचाच : मिशनऱ्यांचे जाळे, दुःखाचा फायदा. हा विचार करणे सोपे आहे आणि आजकाल तो आपल्याला फुकट पुरवणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू काय, हे दलित वाचकाला सांगायला नको. परंतु इतिहास शिकवणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये. दर आठवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या घरी जाऊन बसायचे, ही रीत आली कोठून?

ती आली कर्जातून. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लीच्या अनुयायांनी सभागृह बांधले होते, त्याचे देणे फिटत नव्हते. १७४२ च्या फेब्रुवारीत बैठक झाली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, गरिबांना तेवढेही जमणार नाही. तेव्हा फॉय म्हणाला, अकरा गरीब माझ्याकडे लावा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने बारा-बारा जणांचे 'वर्ग' पडले. पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या या लोकांच्या लक्षात आले की येथे नवरा दारू पिऊन पडला आहे, तेथे भांडण आहे, पलीकडे कोणी आजारी आहे. वेस्लीने ते ऐकले आणि ओळखले की पेनीपेक्षा हेच मोठे आहे. पुढे घरोघर फिरण्याऐवजी वर्ग एकत्र बसू लागला. वर्ग चालवणारे धर्मोपदेशक नव्हते. कारागीर, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया असे साधे लोक होते.

मला यात गंमत वाटते ती आपल्या भाषेची. वर्ग आणि वर्गणी. त्यांची वर्गणी वर्गात शिरली आणि माणसापर्यंत पोचली. आमची वर्गणी पावतीपुस्तकापर्यंत पोचते. आम्हीही दारोदार जातोच की! परंतु दारात उभे राहून आकडा लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो.

मेथडिस्ट पंथ अमेरिकेत गेला, श्रीमंत झाला. चर्चमधली पुढची बाके भाड्याने देऊ लागला, गुलाम बाळगणाऱ्यांशी जुळवून घेऊ लागला. त्याविरुद्ध बोलणाऱ्या बी. टी. रॉबर्ट्स या उपदेशकाला काढून टाकण्यात आले आणि १८६० मध्ये त्याने व त्याच्या साथीदारांनी वेगळे 'फ्री मेथडिस्ट' चर्च काढले. 'फ्री' म्हणजे बाके सर्वांना मोकळी, आणि गुलामही मोकळे. याच चर्चचा अर्नेस्ट वॉर्ड १८८१ च्या सुमारास पत्नीसह हिंदुस्थानात आला, प्रथम बऱ्हाणपूरला. पुढे या मिशनचे मुख्य ठाणे झाले ते आमचे यवतमाळ. शाळा आल्या, पुढे उमरीचे इस्पितळ आले. वऱ्हाडात त्यांच्याकडे फार मोठा लोंढा गेला नाही, तरी वस्त्यावस्त्यांत काही घरे गेली.

म्हणजे बाके भाड्याने देण्याविरुद्ध बंड करणारा पंथ महारपुऱ्या-मांगपुऱ्याच्या दारात आला. परंतु येताना बाकावर कोण बसेल हे ठरवणारा गोरा साहेब आणि पगार देणारी कचेरीही बरोबर आली. गावातला पाळक आपल्यातलाच, पण त्याचा महिना मिशनकडून. ही गोष्ट केवळ आमच्या जिल्ह्याची नव्हे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही त्यात शिष्य म्हणून बसू शकत. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. टिळकांचे धैर्य मी नाकारत नाही. परंतु अहमदनगरच्या खेड्यातल्या, महारातून आलेल्या एखाद्या पाळकाला असा पगार सोडता आला असता काय? त्याच्यामागे ना कवी म्हणून कीर्ती होती, ना ऐकून घेणारा सुशिक्षित समाज. त्यामुळे त्याच्या तोंडून मिशनविरुद्ध शब्द निघाला नाही, आणि गावच्या पाटलाविरुद्धही क्वचितच निघाला.

नेमके हेच बाबासाहेबांनी ओळखले होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतले असे त्यांनी तेथे मोकळेपणी सांगितले. आणि त्याच दमात, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जाती पाळल्या जातात, ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिला नाही, राजकारणात ते मागे पडले, हेही ऐकवले. धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी लेखन यापेक्षाही कठोर आहे. आपण हे सर्व पाठ केले आहे. ख्रिस्ती बंधूंना ऐकवताना त्याचा आधार घेतो.

पण बाबासाहेबांचे आणखी एक लिखाण आहे, ते आपण पाठ केलेले नाही. १९५४ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला एक निवेदन दिले. भारतात बौद्ध धम्म रुजवायचा तर काय करावे लागेल, याचा तो व्यवहारी आराखडा आहे. नवदीक्षिताच्या नेहमी जवळ राहील असा एक ग्रंथ हवा. गृहस्थांसाठी, ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्यासारखा, दीक्षेचा विधी हवा. धर्मशिक्षण देणारी संस्था हवी. आणि गृहस्थ धर्मप्रचारक हवेत : त्यांनी लोकांत फिरावे, नव्याने बौद्ध झालेल्यांची काळजी घ्यावी, ते धम्म कसा आचरतात हे पाहावे. या प्रचारकांना पगार द्यावा. ते विवाहित असले तरी चालेल.

ही शेवटची मागणी मी पुन्हापुन्हा वाचली. नव्याने बौद्ध झालेल्यांची काळजी घेणारा, घर-संसार असलेला, पगारी माणूस. याला ख्रिस्ती मराठीत पाळक म्हणतात! ज्यांच्यावर बाबासाहेबांनी एवढी टीका केली त्यांच्याकडूनच त्यांनी हे साधन उचलले. आणि उचलले कारण ते उपयोगी होते. भिक्खूविषयीची त्यांची नाराजीही याच जागेची आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात ते विचारतात की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की समाजसेवक. आणि परिपूर्ण होऊन स्वतःत मग्न राहणाऱ्या भिक्खूत त्यांना धम्माची आशा दिसत नाही.

आता तारखा जवळजवळ ठेवून पाहा. १९५३ मध्ये यवतमाळला, मिशनच्या जुन्या बायबल शाळेतून, 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' उभी राहिली. अनेक मिशनांनी मिळून ती चालवली, देशभरातून मुले पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला आमच्या या कापसाच्या गावात येऊ लागली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब बौद्धांसाठी अशाच शिक्षणसंस्थेची मागणी करीत होते. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, १६ ला चंद्रपूर. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. आमच्या वणीकडच्या लोकांना चंद्रपूर तर आणखी जवळ. ग्रंथ लिहून झाला होता, विधी झाला होता. उरले होते ते घरोघर जाणारे प्रचारक. आणि त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

माझे म्हणणे एवढेच आहे की ते काम त्या दिवशी थांबले ते पुरते सुरू झालेच नाही. लाखो घरांतून देव काढून टाकले गेले, ही जगाच्या इतिहासातली असामान्य घटना होय. माझ्या आजीने देव्हारा पोत्यात घालून नदीवर नेला, ती गोष्ट ती मरेपर्यंत सांगत असे. परंतु पोते रिकामे करून घरी आल्यावर पुढच्या मंगळवारी तिच्याकडे कोण गेले? बौद्धाचार्य होते, आजही आहेत. बहुतेक बिनपगारी, स्वतःची मजुरी सांभाळून लग्न आणि पुण्यानुमोदन लावणारे. त्यांना बोलवावे लागते. नेते होते, त्यांच्या मागे पक्षफुटीचे शुक्लकाष्ठ लागले. कविता आली, पँथर आली, आणि आमच्यासारखे शिकलेले आले, ते भाषणे करू लागले. १९७९ मध्ये इंग्रज भिक्खू संघरक्षितांच्या प्रेरणेने पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन झाला, त्यांनी लहान लहान अभ्यासगट बसवले; ते काम मोलाचे आहे, परंतु ते शहरांत अधिक रुजले.

मात्र ख्रिस्ती व्यवस्थेचे कौतुक करताना डोळे मिटू नयेत. 'पाळक' या शब्दाच्या मागे मेंढपाळ आहे आणि आपण मेंढरे आहोत. मेंढपाळ मेंढरे कशासाठी राखतो, हे धनगरांचे वाडे पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. माझ्या काकूला ती बाई एकदा म्हणाली की जे झाले ते प्रभूची इच्छा होती. ते मी सोडून देणार नाही. चुलत्याचा मृत्यू कोणाच्याही इच्छेने झाला नाही. तो कापसाच्या भावाने, सावकाराच्या व्याजाने आणि अपात्र ठरवणाऱ्या शिक्क्याने झाला. शिवाय १९८३ मध्ये ती सेमिनरी पुण्याला गेली. गावच्या प्रार्थना उरल्या त्या अशा सातवी शिकलेल्या बायांच्या हाती. वेस्लीच्या वर्गातही असेच लोक होते, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

आणि तिच्या डोक्यावर टांगलेली तलवार आपण विसरतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असे ठरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण आलो. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हटले, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणून त्या बाईच्या मुलाच्या दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा. १९५६ नंतर केंद्रात चौतीस वर्षे आपण हेच भोगले, तरी तिच्या बाजूने आपल्या मंडळाचा एकही ठराव मला आढळला नाही. ती मात्र आमच्या घरी दर मंगळवारी येत होती.

मी तिला एकदाच भेटलो. तुम्हाला हे कोणी शिकवले, असे विचारले. ती म्हणाली, 'सासूनं. ते म्हने, आधी ऐकाचं, मंग प्रार्थना. घरात पानी नसन तं आधी पानी आनाचं.' मग तिने मला विचारले, 'गुरुजी, तुमी लोकं कोनत्या दिवशी जाता लोकाच्या घरी?' मला दिवस सांगता आला नाही.

आमच्या वस्तीत अडुसष्ट घरे आहेत. गेल्या आषाढ पौर्णिमेपासून आम्ही चौघांनी ती वाटून घेतली, प्रत्येकी सतरा. वर्गणी मागायची नाही, भाषण करायचे नाही, असे ठरले आहे. चौघांपैकी एकजण दुसऱ्या महिन्यातच गळाला. त्याची घरे उरलेल्यांनी घेतली. माझी अजून निम्मीही झालेली नाहीत. सातव्या घरी एका म्हाताऱ्याने मला दारातच विचारले, 'निवडनूक आली काय?' काकूचे घर माझ्या यादीत पहिले होते. मी गुरुवार म्हणालो. ती म्हणाली, 'ये. मंगळवार सोडून कवाही ये.'