ग्रहण, गिराण आणि आपली पौर्णिमा



विहार कसा उभा राहिला, वर्गणी कोणी कशी जमवली, हे स्मरणिकेतल्या इतर लेखांत येईलच. आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आपले बहुतेक मंगल दिवस पौर्णिमेचे, आणि चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच लागते. दुसऱ्या कुठल्या तिथीला ते लागूच शकत नाही. २७ जुलै २०१८ ला आषाढ पौर्णिमा होती. त्याच रात्री या शतकातले सर्वांत लांब खग्रास चंद्रग्रहण लागले, १०३ मिनिटांचे. २०२१ आणि २०२२ ला तर लागोपाठ बुद्धपौर्णिमेलाच खग्रास ग्रहण आले. २०२२ चे ग्रहण लागले तेव्हा आपल्याकडे सकाळ होती, चंद्र मावळून गेला होता, तरी वस्तीत विचारणा झालीच. "खीर करायची का नाही? विहार उघडा ठेवायचा का?" ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला, ऐन वर्षावासात, पुन्हा तोच प्रश्न. देवळांचे दरवाजे ग्रहणात लागतात, मग विहाराचे काय? म्हणून हा इतिहास सांगायचा.

आधी ग्रहण म्हणजे काय ते बघू. सूर्य एका बाजूला, चंद्र दुसऱ्या बाजूला आणि मधे आपली पृथ्वी. पृथ्वीची सावली मागे अंतराळात लांबवर पडलेली असते, निमुळती होत गेलेली. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. तिथेही ती सावली चंद्राच्या अडीच पटींहून अधिक रुंद असते. चंद्र त्या सावलीत शिरला की ग्रहण लागले, बाहेर पडला की सुटले. मग दर पौर्णिमेला का लागत नाही? तर चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

पुरता ग्रासलेला चंद्र काळाठिक्कर पडत नाही, तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो. त्यालाच लोक रक्ताचा चंद्र म्हणून घाबरतात. खरे कारण मोठे सुंदर आहे. त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत आणि मावळत असतो, तिथला सगळा तांबूस उजेड हवेतून वळून चंद्रावर पडतो. निळा प्रकाश हवेत विखुरतो, लाल तेवढा पार होतो. हवेत धूळ जास्त असली तर चंद्र काळवंडतो. १९९१ साली फिलिपाईन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख व धूर पार वर पसरला. त्यानंतर १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे जे खग्रास ग्रहण आपल्याकडून दिसण्याजोगे होते, त्यात चंद्र फारच काळा झाला. मुंबईच्या कित्येक भागांत तेव्हा संचारबंदी होती. वर बघायला कोणाला सवड होती?

आता हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सांगितले, की ग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड नेहमी गोल असते, त्या अर्थी पृथ्वी गोल आहे. आपल्या देशात आर्यभटाने वयाच्या तेविसाव्या वर्षी, इ.स. ४९९ मध्ये, 'आर्यभटीय' ग्रंथात स्वच्छ लिहिले, की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. त्याच्या पाठोपाठ सहाव्या शतकात वराहमिहिरानेही 'बृहत्संहिते'त राहूचा समज खोडून काढला, जरी त्याच ग्रंथात ग्रहणाची शुभाशुभ फळे पानेच्या पाने भरून दिली. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी पंडितांना सारे ठाऊक होते!

मग गाडी अडली कुठे? इथे ब्रह्मगुप्ताचे उदाहरण घ्यावे लागते. हा मोठा गणिती. इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात ग्रहणाचे गणित सावलीच्याच हिशेबाने मांडले. पण त्याच माणसाने आर्यभट आणि वराहमिहिर यांना दोष दिला. का, तर राहू नाही म्हटले की वेद आणि स्मृती खोट्या पडतात, आणि ग्रहणकाळी ब्राह्मण जी कर्मे करतात ती सगळी व्यर्थ ठरतात. पुढे चारशे वर्षांनी अल् बिरुनी हा परदेशी विद्वान भारताविषयी ग्रंथ लिहीत असताना हे वाचून चक्रावून गेला. खरे माहीत असून हा माणूस पुरोहितांच्या बाजूला का गेला? सॉक्रेटिसासारखी आपली गत होईल अशी धास्ती वाटली असावी, असे त्याने लिहून ठेवले आहे. आम्हांला वाटते, भीतीइतकाच धंद्याचाही प्रश्न होता. गणित पोथीत राहिले आणि राहू गावात आला.

गावात आला तो आमच्या माथी. राहू-केतू हे मांग-महारांच्या नात्यातले, असे गावगाड्याने ठरवून टाकले होते. म्हणून ग्रहण लागले की आमच्या वाडवडिलांनी गावात फिरायचे, आळीआळीतून ओरडायचे, "दे दान, सुटे गिराण!" आमची आजी सांगायची, की दारापासून लांब उभे राहायचे, पदर पसरायचा आणि वरून टाकलेले जुने धान्य, फाटके लुगडे, एखादा पैसा झेलायचा. दानाबरोबर घरातली पीडा जाते असा देणाऱ्याचा समज. म्हणजे धान्य आपल्या पदरात आणि पीडाही आपल्याच पदरात. सोन्यानाण्याचे, गाईचे दान मात्र भटजीकडे. शिवाय आकाशात चंद्र गिळणारा जो, तो आपल्याच जातीचा! पृथ्वीच्या सावलीलासुद्धा जात चिकटवणारा समाज हा. आर्यभटाचे ते एक वाक्य कोणी आमच्या पणज्याला वाचून दाखवले असते तर? पण वाचायची बंदी होती ना.

अज्ञानाचा फायदा घेणे ही काही फक्त इथलीच रीत नव्हे. कोलंबस जमैका बेटावर अडकून पडला होता. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला अन्न देणे बंद केले. त्याच्याजवळ युरोपात छापलेले पंचांग होते. २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्री ग्रहण आहे हे पाहून त्याने धमकी दिली, की देव तुमचा चंद्र काढून घेणार. चंद्र लाल झाला आणि बिचारे लोक अन्न घेऊन धावत आले. एकाच्या हातात पंचांग, दुसऱ्याच्या मनात भय, एवढ्यावर काम भागले.

आता आपल्या ग्रंथांकडे येऊ, कारण कोणी ना कोणी विचारणारच. संयुत्त निकायात चंदिम सुत्त आहे. राहूने धरलेला चंद्र तथागतांना शरण येतो आणि तथागत राहूला त्याला सोडायला सांगतात, अशी ती कथा. हे लपवण्याचे कारण नाही. लोकांत जी समजूत होती ती कथेत आली. पण दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणाची भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या ठरवली आहे आणि तथागत तिच्यापासून दूर राहतात असे म्हटले आहे, हेही वाचावे. कोणते वचन बुद्धाचे मानावे याची कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिलीच आहे. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते घ्यावे.

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडा असे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत ग्रहणाचे नाव नाही, पण श्राद्धपक्ष, पिंडदान आणि ब्राह्मणाहातचे विधी यांना नकार आहे, त्यात गिराणाचे दान आपोआप आले. कित्येक गावांत आपल्या माणसांनी ती फेरी बंद केली. बलुत्याचा आणि ग्रहणाचा दाणा गेला, हाल झाले, पण पदर पसरला नाही. याची कुठे नोंद नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आणि आज काय? आमच्या चाळीत एका सुनेला सातव्या महिन्यात ग्रहण पाळायला लावले. नऊ तास आधीपासून वेध, पाण्याचा घोट नाही, विळीला हात नाही, हालायचे नाही. पोराचा ओठ फाटेल म्हणे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी कॅलेंडर. कॅलेंडरात ग्रहणाची वेळ मिनिटामिनिटाने बरोबर छापलेली, ती सावलीच्या गणितावरून काढलेली. आणि त्याच्याच खाली राहूचे नियम! फाटलेल्या ओठाचा ग्रहणाशी काही संबंध नाही. पोटुशी बाईला उपाशी ठेवण्यानेच काय तो अपाय होतो. तिने जेवावे, भाजी चिरावी, गच्चीवर येऊन ग्रहणही बघावे.

बघायला काही लागत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नये, पण चंद्रग्रहणाला ती भीती नाही. दुर्बीण असली तर उत्तम. २०२५ च्या ग्रहणात रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावली चंद्राला भिडली, अकराला चंद्र पुरता बुडाला, ८२ मिनिटे तसाच राहिला आणि १ वाजून २६ मिनिटांनी पुरा मोकळा झाला. मुलांना सावलीची गोल कड आधी दाखवावी. ती आपल्या पृथ्वीची कड आहे, तिच्यावर आपण उभे आहोत, हे त्यांना सांगावे. मग चंद्र मंदावला की एरवी पौर्णिमेला न दिसणाऱ्या बारीक चांदण्या बाहेर येतात, त्या मोजायला लावावे.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास ग्रहण दिसणार आहे. साधारण पावणेदहापासून अकरापर्यंत चंद्र तांबडा असेल. उजाडता १ जानेवारी. आपल्यातले कित्येकजण त्या वेळी भीमा कोरेगावच्या वाटेवर, नाहीतर विजयस्तंभापाशी असतील. गाडीत लहान मुले झोपली असतील तर त्यांना उठवून खाली उतरवावे, आणि बरोबर घेतलेली भाकरी तिथेच सोडावी.