लहान गाडी आणि मोठे नाव

अमेरिकेतील ओहायो राज्यात लॉर्ड्‌सटाउन नावाचे एक गाव आहे. तेथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून ६ मार्च २०१९ रोजी ‘शेव्हरोलेट क्रूझ’ ही अखेरची मोटार बाहेर पडली आणि काम थांबले. हा कारखाना सुरू झाला १९६६ मध्ये. १९७० पासून त्याची मुख्य ओळख होती ती लहान मोटारींचा कारखाना म्हणून. प्रथम व्हेगा, १९८१ पासून कॅव्हेलियर, मग कोबाल्ट आणि शेवटी क्रूझ. दर पिढीला जुने नाव टाकून द्यावे आणि नवे धारण करावे, असा तेथील क्रम होता. ज्या वर्षी हा कारखाना उघडला त्याच वर्षी जपानमध्ये टोयोटा कंपनीने कोरोला ही आपली लहान गाडी बाजारात आणली. लॉर्ड्‌सटाउनचे दरवाजे बंद झाले त्या दिवशीही कोरोला त्याच नावाने जगभर विकली जात होती.

ज्या राष्ट्राने सामान्य माणसाला प्रथम मोटारीत बसविले, त्याला लहान मोटार का साधू नये? अमेरिकेचे रस्ते रुंद, अंतरे लांब आणि पेट्रोल स्वस्त, म्हणून तेथील लोकांना मोठीच गाडी आवडते, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. आवड ही पुष्कळदा शिकविलेली असते, आणि ही आवड कोणी व कशी शिकविली याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

अमेरिकेची पहिली लोकप्रिय मोटार हलकी, साधी आणि स्वस्तच होती. हेन्‍री फोर्डने १९०८ मध्ये आपली ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला विकावयास काढली. पुढे किंमत उतरत उतरत तीनशे डॉलरच्याही खाली आली. १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या तयार झाल्या होत्या. शेतकऱ्याची आणि डॉक्टरची गाडी एकच असे. त्या गाडीला प्रतिष्ठेची भाषा ठाऊकच नव्हती.

ही भाषा निर्माण केली ती आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२३ मध्ये ते जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. कंपनीच्या पदरी अनेक मार्के होते व ते एकमेकांचेच गिऱ्हाईक ओढीत होते. स्लोन यांनी त्यांची शिडी लावली. तळाशी शेव्हरोलेट, तिच्यावर ओकलंड व १९२६ पासून पॉन्टिअ‍ॅक, मग ओल्ड्‌समोबिल, मग ब्यूक आणि शिखरावर कॅडिलॅक. तरुण कारकुनाने हप्त्यांवर शेव्हरोलेट घ्यावी, बढती मिळाली की पायरी चढावी, आणि आयुष्याच्या उत्तरार्धी कॅडिलॅकमधून मिरवावे, अशी ही योजना होती. तिच्या जोडीला दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची प्रथा आली. शेजाऱ्याच्या दारातील गाडी पाहून त्याची मिळकत ओळखावी, अशी ती व्यवस्था होती. व्यापाराच्या दृष्टीने ती अत्यंत यशस्वी ठरली आणि तिने फोर्डला मागे टाकले.

परंतु या शिडीतच पुढील संकटाचे बीज होते. वरच्या पायरीची गाडी म्हणजे अधिक लांब, अधिक जड, अधिक शक्तिमान, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले. ‘लहान’ या शब्दाचा अर्थ ‘सोयीची’ असा न राहता ‘अजून ज्याचे बरे दिवस आले नाहीत त्याची’ असा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेटने ‘कॅडेट’ नावाची लहान गाडी योजिली होती; १९४७ मध्ये ती बेत असतानाच सोडून देण्यात आली. फोर्डने आखलेली तशीच गाडी फ्रान्सला धाडण्यात आली व १९४८ मध्ये तेथे ‘वेदेत’ या नावाने निघाली. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरले, आणि गाड्यांना माशाच्या कल्ल्यांसारखे पंख फुटू लागले.

याच सुमारास जर्मनीतून एक कुबडी, आवाज करणारी, मागे इंजिन असलेली गाडी आली. फोक्सवॅगन कंपनीची ही ‘बीटल’ १९४९ मध्ये अमेरिकेत अवघी दोन नग खपली. दहा वर्षांनी तिचा वार्षिक खप लाखावर गेला. १९५९ पासून न्यूयॉर्कच्या एका जाहिरात संस्थेने तिचा लहानपणा झाकण्याऐवजी तोच अभिमानाने मांडला. त्या गाडीचे रूप दरवर्षी बदलत नव्हते. सुधारणा होत त्या आतल्या यंत्रात. नाव एकच, आकार एकच, आणि सुटे भाग कोठेही मिळण्याची खात्री. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी या गाडीने मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मागे टाकला. फोर्डचाच जुना धडा परक्या विद्यार्थ्याने पाठ केला होता.

अमेरिकन कारखानदारांनी स्वस्थ बसून हे पाहिले असे मात्र नव्हे. १९५९ च्या शरद ऋतूत शेव्हरोलेटची कॉर्व्हेर, फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट अशा तीन आटोपशीर गाड्या एकदम आल्या. फाल्कन पहिल्याच वर्षी चार लाखांवर खपली. पण यश येताच जुनी सवय जागी झाली. नव्या नव्या आवृत्त्यांत लांबी वाढली, वजन वाढले, किंमत वाढली. आणि फाल्कनच्याच सांगाड्यावर १९६४ मध्ये मस्टँग ही अधिक नफ्याची गाडी उभी राहिली. कॉर्व्हेरच्या मागील चाकांच्या रचनेवर राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये आपल्या पुस्तकातून टीकेचा भडिमार केला आणि १९६९ मध्ये ती गाडी बंद झाली.

पुन्हा प्रयत्न झाला तो १९७० मध्ये. लॉर्ड्‌सटाउनला व्हेगा तासाला शंभर या वेगाने बांधण्याचे ठरले. म्हणजे एका कामगाराच्या वाट्याला एका गाडीसाठी छत्तीस सेकंद. मार्च १९७२ मध्ये तेथील तरुण कामगारांनी सुमारे तीन आठवडे संप केला. व्हेगाचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन तापे आणि पत्रा लवकर गंजे. फोर्डच्या पिंटो गाडीची पेट्रोलची टाकी मागून धक्का बसताच पेट घेण्याचा धोका होता; १९७८ मध्ये अशा सुमारे पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

कौशल्य नव्हते म्हणून हे घडले काय? तसे म्हणता येत नाही. जनरल मोटर्सची जर्मन शाखा ओपेल ही उत्तम लहान गाड्या करीत होती, आणि फोर्डची १९७६ ची फिएस्टा युरोपात नावाजली गेली. उणीव होती ती घरच्या हिशेबात. लहान गाडी जोडायला मोठीइतकेच हात व जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. नफा मात्र थोडा. ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर पेट्रोलच्या पंपांपुढे रांगा लागल्या. १९७५ मध्ये कायदा झाला की, प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरीने १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल गाठले पाहिजेत. मोठ्या गाड्या विकता याव्यात म्हणून सरासरी सांभाळायला लहान गाडी करावयाची, असा प्रघात पडला. जी वस्तू केवळ दंड चुकविण्यासाठी बनते, तिच्यावर जीव कोण लावील?

आता शिडीच्या वरच्या पायऱ्यांकडे वळले पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी एकाच सांगाड्यावर अनेक मार्क्यांच्या गाड्या बांधण्याची रीत बळावली. १९७७ मध्ये ओल्ड्‌समोबिल घेणाऱ्या अनेकांना आढळले की, आपल्या गाडीत शेव्हरोलेटचे इंजिन बसविलेले आहे. ओल्ड्‌समोबिलने आपल्या इंजिनाची वर्षानुवर्षे जाहिरात केली होती; गिऱ्हाइके न्यायालयात गेली आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. तरीही धडा घेतला गेला नाही. १९८१ पासून एकाच लहान गाडीला पाच मार्क्यांची नावे देण्यात आली. शेव्हरोलेटच्या दुकानात ती कॅव्हेलियर होती. चामड्याची बैठक लावून व किंमत बरीच वाढवून कॅडिलॅकच्या दुकानात ती ‘सिमेरॉन’ झाली. १९८८ पर्यंत ती रखडली. आकार हाच ज्या नावाचा अर्थ, त्या नावाखाली लहान गाडी ठेवताच सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

जपानी कंपन्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. १९८१ पासून अमेरिकेत वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्याच पाठविण्याचे बंधन त्यांनी मान्य केले. त्यानंतर अधिक किमतीच्या गाड्यांकडे वळताना होंडाने १९८६ मध्ये अ‍ॅक्युरा व टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस हे स्वतंत्र मार्के काढले. सिव्हिक व कोरोला यांची नावे मात्र जिवापाड जपली. नावाची पत किती, याचा दाखला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे मिळाला. तेथे १९८४ पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा संयुक्त कारखाना होता. त्याच कामगारांच्या हातून कोरोला आणि तिचीच जुळी बहीण ‘प्रिझम’ बाहेर पडे. अमेरिकन नावाची प्रिझम कमी खपे, आणि जुन्या बाजारात तिला भावही कमी येई. पत्रा तोच, यंत्र तेच. फरक होता तो गिऱ्हाइकाच्या स्मरणात.

ही चूक उमगली नाही असेही नव्हे. टेनेसी राज्यात स्प्रिंग हिल येथे १९९० मध्ये ‘सॅटर्न’ ही गाडी निघू लागली. स्वतंत्र मार्का, घासाघीस नसलेली ठाम किंमत आणि कामगारांचा निर्णयांत सहभाग यांमुळे ती लोकांच्या मनात भरली. पण नव्या आवृत्त्यांसाठी भांडवल वेळेवर मिळाले नाही, आणि पुढे तिच्याही नावावर इतरांच्याच गाड्या विकल्या जाऊ लागल्या. २०१० मध्ये सॅटर्न व पॉन्टिअ‍ॅक दोन्ही संपल्या. ओल्ड्‌समोबिल २००४ मध्येच गेली होती. १ जून २००९ रोजी खुद्द जनरल मोटर्सला दिवाळखोरीच्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागले होते.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. नंतरच्या काळात बडोद्याजवळ हालोल आणि पुण्याजवळ तळेगाव येथे तिचे कारखाने चालले. २००७ मध्ये शेव्हरोलेट नावाने आलेली ‘स्पार्क’ ही वस्तुतः कोरियातील दाएवू कंपनीच्या मॅटिझची पुढची आवृत्ती होती. २०१७ च्या अखेरीस शेव्हरोलेटने भारतीय बाजाराचा निरोप घेतला. उसन्या गाडीवर मोठे नाव टिकले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये फोर्डनेही जाहीर केले की, उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता आपण प्रवासी मोटारी जवळजवळ सोडून देणार. भर राहणार तो ट्रकवजा मोठ्या वाहनांवर. नफ्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. या वाहनांना खप तर होताच. शिवाय इंधनाचा नियम त्यांना सौम्य होता, आणि परदेशी हलक्या ट्रकांवर १९६४ पासून शेकडा पंचवीस जकातीचे कुंपणही होते.

तथापि स्लोन यांच्या शिडीचा मूळ सिद्धान्त विसरला गेला. माणूस शिडी चढू लागतो तो खालच्या पायरीवरून. तरुणपणी घेतलेली लहान गाडी ज्याला रस्त्यात दगा देते, तो वय व मिळकत वाढल्यावर त्याच दुकानाची वरची पायरी चढावयास परत येत नाही. ज्याची कोरोला दहा वर्षे बिनतक्रार चालली, त्याला मोठी गाडी कोठे घ्यावी हे कोणी सांगावे लागत नाही. खालची पायरी हलक्या लाकडाची करून वरच्या पायऱ्यांना रंग देत बसल्याने शिडी उभी राहत नाही. त्याचे मोल लॉर्ड्‌सटाउनच्या कामगारांनी मोजले. त्यांच्या हातांनी चार नावांच्या गाड्या घडविल्या. त्यांतील एकही नाव जपावे असे कंपनीला वाटले नाही.