चौल, रेवदंडा आणि कोर्लई : आमच्या शेजारची पुरातन ख्रिस्तमंदिरे

महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक मजकूर लिहावा असा मंडळींचा आग्रह पडला, तेव्हा आम्ही प्रथम आमच्याच देवळाचा इतिहास लिहावयास बसलो. तो दोन पृष्ठांत संपला. देऊळ लहान, कळप लहान, आणि जे काही घडले ते आमच्या ज्येष्ठांस तोंडपाठ. त्यांना ठाऊक असलेले त्यांनाच पुन्हा सांगण्यात काय हशील? म्हणून आम्ही विचार केला की, आपल्या दारावरून जो रस्ता समुद्राकडे जातो त्याच्या टोकाला काय आहे ते सांगावे. कारण आमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असले तरी ओळखलेले नाही, असा आमचा अनुभव आहे.

वडखळच्या नाक्यावर एक रस्ता सरळ नागोठण्यावरून महाडाकडे व पुढे गोव्याकडे जातो, आणि दुसरा उजवीकडे फुटून पोयनाडवरून अलिबागेस पोचतो. दर शनिवारी-रविवारी मुंबईकरांच्या मोटारी याच फाट्याने किनाऱ्याकडे धावतात. अलिबागेहून दक्षिणेस नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चार-पाच कोस गेले म्हणजे चौल, त्याला लागून रेवदंडा, आणि खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. रोह्याच्या वाचकांस तर ही ठिकाणे परकी वाटूच नयेत. त्यांच्या गावावरून वाहणारी कुंडलिका याच खाडीत समुद्रास मिळते.

चौल हे बंदर ख्रिस्ती लोक तेथे येण्यापूर्वी कित्येक शतके जगाला माहीत होते. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे. अरब त्यास सैमूर म्हणत, आणि इसवी सन ९१५ च्या सुमारास अल्-मसुदी हा प्रवासी तेथे येऊन गेला. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास याच किनाऱ्यावर उतरला. होर्मुझहून येणारे घोडे आणि येथे विणले जाणारे रेशमी कापड, या दोहोंवर हे शहर नांदत होते. रामेश्वराचे देऊळ आणि मशिदी यांच्या शेजारी ख्रिस्तमंदिरे उभी राहिली, ती या गजबजीत. कोणा निर्जन माळावर नव्हे.

पोर्तुगिजांची येथील पहिली मोठी आठवण पराभवाची आहे. मार्च १५०८ मध्ये पहिले व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे आल्मेदा यांचा तरुण पुत्र लोरेन्सो याच्या आरमारास ईजिप्तच्या व दीवच्या आरमाराने कुंडलिकेच्या मुखाशी गाठले. बाकीची जहाजे निसटली. लोरेन्सोचे जहाज मात्र कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले, आणि तेथेच तो मारला गेला. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या व्हाइसरॉयचा मुलगा गरीब कोळ्यांच्या खुंटांनी अडवला, ही गोष्ट आम्ही आमच्या मुलांस धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो तेव्हा ती फार खूष होतात. त्यांतील काहींचे आजोबा असेच खुंट रोवीत असत.

पुढे १५१६ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगिजांस वखार घालण्याची परवानगी मिळाली आणि १५२१ मध्ये दियोगो लोपिश दे सिक्वेरा या गव्हर्नराच्या काळात किल्ल्याचे काम सुरू झाले. त्यांचा हात आमच्या पेणपर्यंतही एकदा पोचला होता. १५४० मध्ये सांकशीचा किल्ला गुजरातच्या सैन्याने घेतला असता निजामशहाने वसईच्या पोर्तुगिजांची मदत मागितली, आणि काही काळ सांकशी व कर्नाळा हे दोन्ही त्यांच्या ताब्यात राहिले. परंतु तेवढ्यावरून सांकशीवर क्रूस शोधावयास कोणी जाऊ नये. खंडणी वाढवून घेऊन त्यांनी ते किल्ले परत दिले.

आता रेवदंड्यातील मंदिरांकडे वळू. समुद्र-दरवाजाने अथवा भू-दरवाजाने आत शिरले म्हणजे प्रथम काहीच दिसत नाही. नारळ, पोफळी, केळी, विहिरी आणि रहाटाच्या जागी आलेले पंप एवढेच. मग वाडीच्या गड्याला विचारावे लागते. तो बांधाबांधाने नेतो, आणि एकाएकी झाडांच्या वर काळ्या दगडाचा एक उंच चौकोनी मनोरा दिसू लागतो. लोक त्यास सातखणी म्हणतात. हा फ्रान्सिसकन संन्याशांच्या सांता बार्बारा मंदिराचा घंटामनोरा. एके काळी त्यास सात मजले होते, वरचे ढासळले आहेत. तरी उरलेला भाग पाहून मान वर करावी लागते. त्याशिवाय मात्रिझ म्हणून ओळखले जाणारे मुख्य धर्मग्राममंदिर, वेदीवरची कमानदार घडण अजून ओळखू येते असे डोमिनिकनांचे मंदिर, येशूसंघीयांचे मंदिर, ऑगस्टिनियनांचा मठ, दीनदुबळ्यांची शुश्रूषा करणाऱ्या मिझेरिकॉर्डिया बंधुसंघाची वास्तू, आणि परंपरेने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाशी जोडलेली एक लहानशी प्रार्थनाकुटी, इतके सर्व त्या कोटाच्या आत होते. मात्रिझला हल्ली पुष्कळ जण कॅथेड्रल म्हणतात. ते बरोबर नाही. चौलास बिशपांचे आसन कधीच नव्हते, हा प्रदेश गोव्याच्या अधिकाराखाली होता.

एवढ्याशा गावात इतके मठ कशासाठी, हा प्रश्न आमच्या युवक मंडळातील एका मुलाने तेथेच विचारला, आणि प्रश्न योग्य होता. उत्तराचा एक भाग भक्तीचा आहे. दुसरा घोड्यांचा व रेशमाचा आहे. पैसा होता, आणि पैशाबरोबर आत्म्याचे भय होते; व्यापारी मरताना देणग्या देत. तिसरा भाग लढाईचा आहे. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने प्रचंड सैन्यानिशी चौलास वेढा घातला, तेव्हा शहराला पुरता तट नव्हता. आणि दगडी मठ हीच बचावाची ठाणी बनली. जेथे स्तोत्रे म्हटली जात तेथून बंदुका झडू लागल्या. १५७१ च्या उन्हाळ्यानंतर तह होऊन वेढा उठला. मग तट बांधला गेला.

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर महोत्सवाच्या आनंदात इतिहास खोटा होतो. त्या काळी क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरली. या मंदिरांच्या छायेत गुलाम विकले गेले व विकत घेतले गेले, आणि इतर धर्मीयांच्या देवस्थानांस उपद्रव झाला. सेमिनरीत आम्ही चर्चचा इतिहास शिकलो तेव्हा पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाने धर्मकार्याचा भार उचलणे, अशी व्याख्या पाठ केली होती. तो भार कोणी कोणाच्या पाठीवर ठेवला, हे रेवदंड्याच्या वाड्यांतून हिंडताना अधिक समजते.

खाडीच्या पलीकडचा कोर्लईचा डोंगर तीन बाजूंनी पाण्यात घुसलेला आहे. त्यावर निजामशाहीने १५९२ नंतर मजबूत किल्ला उभारून चौलचा श्वास कोंडला. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो हल्ला करून घेतला. एक हत्ती दरवाजातच पडल्यामुळे दार बंद करता आले नाही, अशी कथा त्यांच्या लेखकांनी सांगितली आहे. किल्ला आजही बराचसा शाबूत आहे. टाक्यांत पाणी असते, पोर्तुगीज शिलालेख आहेत, आणि माथ्यावर छप्पर नसलेले एक मंदिर आहे, ज्याच्या भिंतींतून चोहोंकडून वारा वाहतो. खाली पायथ्याशी दीपगृह व कोळ्यांची वस्ती.

या सर्व वैभवाचा शेवट फार झटपट झाला. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर व्यापार तिकडे सरकू लागलाच होता. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलास वेढले, तेव्हा शहर वाचले. परंतु मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर चौल टिकणे शक्य नव्हते. १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. शेवटच्या वेळी तेथे मोठी लढाई झाली नाही. कागदावर सह्या झाल्या, आणि अधिकारी, कुलीन घराणी व संन्यासी गोव्याकडे निघून गेले. इंग्लंडात सफक परगण्यात डनिच म्हणून एक जुने बंदर आहे. तेथील मध्ययुगीन मंदिरे एकामागून एक समुद्राने गिळली, आणि त्यांतील ऑल सेंट्स हे देऊळ विसाव्या शतकाच्या आरंभी कड्यावरून खाली कोसळत गेले. रेवदंड्यास समुद्राने हात लावला नाही. माणसे गेली, मग छपरे गेली, मग कामास येतील ते दगड गेले. उरलेले अवशेष पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि मुंबईचे विद्वान डॉक्टर जेर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसई यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला नसता, तर त्यांपैकी कित्येकांची नावेही आज सांगता आली नसती.

मात्र सर्वच लोक गेले नाहीत. ज्यांना गोव्यात घर नव्हते, गलबतात जागा नव्हती आणि जाऊन करावयाचे तरी काय हे ठाऊक नव्हते, ते राहिले. पोर्तुगीज शिपायांच्या व येथील गरीब, बहुधा पराधीन स्त्रियांच्या पोटी जन्मलेली ही माणसे कोर्लईच्या डोंगराच्या कुशीत वसली. शेती केली, हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांत वेगळी राहिली, आणि कार्मेलमातेचे आपले देऊळ त्यांनी सोडले नाही. गोव्याहून धर्मगुरू येत. राजे तीन बदलले, मराठे गेले, १८१८ नंतर इंग्रज आले, तेही गेले. कोर्लईच्या घराघरांत आई मुलाला ज्या भाषेत जेवावयास हाक मारी ती पोर्तुगिजातून जन्मलेली क्रिस्ती भाषाच राहिली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, परंतु वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद शेवटी. तिला ते लोक स्वतः 'आमची भाषा' या अर्थाच्या नावाने ओळखतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्ही मराठी ख्रिस्ती त्या मानाने मागेच राहिलो. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द आपणही पोर्तुगिजांकडूनच घेतले. पण शेजारी कोर्लईत अख्खी भाषाच त्यातून घडली, याचे आम्हांस कुतूहल वाटले नाही.

आणि येथे आम्हा धर्मगुरूंचा संबंध येतो. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेत लोकांच्या भाषेस वाव दिला. आम्ही स्वतः त्यानंतरचेच. मराठी मिस्सा ऐकतच वाढलो, आणि त्या निर्णयाबद्दल कृतज्ञ आहोत. परंतु कोर्लईत लॅटिन व पोर्तुगीज जाऊन जी आली ती मराठी. लोकांची भाषा द्यावयाची होती, दिली शेजाऱ्यांची. दोष कोणाला द्यावा हे आम्हांस ठरवता येत नाही. क्रिस्तीत छापलेले प्रार्थनापुस्तक नव्हते, शाळा मराठी होती, नोकऱ्यांना मराठी लागे, आणि पूल झाल्यापासून तर मुले रोजच पलीकडे जाऊ लागली. लोकांनी स्वतःच मराठी मागितली असेही असेल. तरीसुद्धा, तोफांनी, तहांनी आणि दोनशे वर्षांच्या एकांताने जी भाषा मेली नाही, तिच्या अंगणातून देवळाचा आधार मात्र आमच्या चांगल्या हेतूने निघून गेला, हे लिहिताना आमचा हात अडखळतो.

गेल्या खेपेस आम्ही युवक मंडळाला घेऊन गेलो तेव्हा कोर्लईत एका ओसरीवर पाणी मागितले. घरातील आजी माळ घेऊन बसल्या होत्या व हलक्या स्वरात काही म्हणत होत्या. शब्द आम्हांस कळले नाहीत, चाल मात्र जपमाळेचीच होती. आम्ही विचारले, "आजी, ही प्रार्थना नातवंडांना येते का?" त्या म्हणाल्या, "ऐकतात फादर, पण उत्तर मराठीतून देतात." आतून नातू तांब्या घेऊन आला आणि त्याने विचारले, "फादर, गूळ देऊ का?" आजींनी त्याला क्रिस्तीत काहीतरी सांगितले. तो हसला आणि पुन्हा आत जाऊन गूळ व भाजलेले शेंगदाणे दोन्ही घेऊन आला.

मंडळातील दोन मुलींनी त्या दिवशी आजींच्या परवानगीने ती प्रार्थना मोबाईलवर उतरवून घेतली. नंतर एकीने ती देवनागरीत लिहून काढली. पाच ठिकाणी तिला शब्द नीट लागलेला नाही. महोत्सवाच्या नंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही पुन्हा कोर्लईस निघणार आहोत, ती वही आजींना वाचून दाखवावयास. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी देवळाच्या कार्यालयात नावे द्यावीत. भरतीच्या वेळी दीपगृहाजवळच्या खडकांवर कोणी उतरू नये.