बलुत्यापासून महागाई-भत्त्यापर्यंत



‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. १९५७ सालीं दशमान नाणीं सुरू झालीं आणि आणा हिशेबांतून गेला. चार आण्यांची जागा घेणारें २५ पैशांचें नाणेंही ३० जून २०११ नंतर चलनांत राहिलें नाहीं. चार आण्यांना कोंबडी मिळाल्याची आठवण सांगणारें माणूस आतां विरळाच. तरीही म्हण मात्र जुनी झालेली नाहीं. याचें कारण असें कीं तिच्यांत किंमत सांगितलेली नसून प्रमाण सांगितलेलें आहे. कोंबडीला एक भाग आणि मसाल्याला तीन भाग, हा व्यवहार आजच्या रुपयांतही तितकाच वेडगळ ठरेल.

पैशाच्या मोलाचा विचार करूं लागतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. समजा, उद्यां सकाळीं सर्व वस्तूंचे भाव दुप्पट झाले आणि त्याच सकाळीं मजुरी, पगार, ठेवी, कर्जें, घरभाडीं हींही दुप्पट झालीं, तर कोणाचेंही कांहीं बिघडणार नाहीं. हिशेबाच्या वहींत आंकडे तेवढे मोठे होतील. परंतु प्रत्यक्षांत असें कधींच घडत नाहीं. दुकानदार आपला भाव एका दिवसांत बदलतो, मजुराची मजुरी बदलावयाला हंगाम उलटावा लागतो, नोकराचा पगार बदलावयाला वर्षें लागतात, आणि करारानें बांधलेली रक्कम तर बदलतच नाहीं. भाव चढत असतां ज्याची मिळकत उशिरां हलते त्याच्या पदरचें मोल, ज्याची मिळकत लवकर हलते त्याच्याकडे निघून जातें. ना चोरी, ना दरोडा. तरी घर हलकें होतें. रुपयाच्या घसरणीचा इतिहास म्हणजे मुख्यतः मागें राहिलेल्या ह्या माणसाचा इतिहास होय.

मी चंदगडचा. हा तालुका १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता, आणि नंतर कोल्हापूर जिल्ह्यांत आला. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेला, फार पावसाचा, भात-नाचणीचा हा मुलूख. मराठी मुलखांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचा मोबदला सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. हेंच बलुतें. लोहारानें वर्षभर शेतकऱ्याचे फाळ आणि विळे-कोयते नीट करून द्यावे, आणि सुगीला शेतकऱ्यानें त्याच्या पदरांत ठरलेलें माप घालावें. बाजारांत भात रुपयाला किती पायली मिळतें, याच्याशीं लोहाराला फारसें कर्तव्य नसे. पीक बुडालें तर तो शेतकऱ्याबरोबर उपाशी राही. परंतु केवळ रुपया घसरला म्हणून त्याच्या चुलीवरचा भात कमी होत नसे.

जेथें रोख रक्कम कायमची बांधलेली होती, तेथें मात्र निराळें घडलें. ज्या देवळाला जमीन इनाम होती, त्याचा नंदादीप जमिनीच्या उत्पन्नावर चालत राहिला. ज्याला सरकारांतून ठराविक रुपयांचें वर्षासन होतें, त्याचा आंकडा दप्तरांत अबाधित राहिला आणि दिव्यांतलें तेल आटत गेलें. शेतसाऱ्याचें उदाहरण याच्या उलट आहे. रयतवारी पद्धतींत सारा साधारणपणें तीस वर्षांकरितां रुपयांत ठरे. धान्याचे भाव चढले कीं तोच सारा शेतकऱ्याला हलका जाई. पुढें १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत भाव कोसळले, तेव्हां तेवढाच सारा आणि सावकाराचें तेवढेंच कर्ज फेडावयाला त्याला सुमारें दुप्पट धान्य विकावें लागलें. रक्कम तीच, पण तिचें ओझें तेंच नव्हे.

बलुत्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांत काम जातीनें बांधलेलें होतें, माप घालणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या वतनदारांच्या वांट्याला तर वेठ आणि अपमान हींच येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें, तें महारांना ह्या जाचांतून सोडविण्यासाठींच. रोख मजुरी हीच त्या माणसाची मोकळीक होती. परंतु माप टाकून रुपया हातीं घेणाऱ्याला तो रुपया टिकाऊ मिळाला पाहिजे. नाहीं तर एका बंधनांतून सुटून तो दुसऱ्या नुकसानींत सांपडावयाचा. ह्याच आंबेडकरांनीं रुपयाच्या मोलाचा सखोल अभ्यास केला होता, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. त्याची हकीकत समजण्यासाठीं रुपयाचा पूर्वेतिहास थोडा पाहूं.

एकेकाळीं पेठेंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत, आणि सराफ त्यांची पारख करून बट्टा कापीत. ईस्ट इंडिया कंपनीनें १८३५ सालीं आपल्या मुलखांत एकच रुपया ठरविला. त्याचें वजन एक तोळा, आणि बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे रुपयाचें मोल त्यांतल्या चांदीच्या मोलाएवढें. १८७० नंतर जगांत चांदी स्वस्त होऊं लागली, तसा रुपयाही सोन्याच्या मानानें उतरूं लागला. शेवटीं १८९३ सालीं सरकारनें लोकांनीं आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणें बंद केलें, आणि पुढें रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असा बांधला. तेव्हांपासून रुपयांतली चांदी आणि रुपयाचें मोल यांची फारकत झाली. पहिल्या महायुद्धांत चांदीची चणचण पडली तेव्हां ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची कागदी नोट निघाली.

त्या युद्धाच्या काळांत महागाई भडकली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा मनुष्य बहुतेक कोंकणांतला किंवा घाटावरचा. तो आपलें शेत भाऊबंदांवर सोंपवून आलेला असे, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गांवचें घर चालत असे. जानेवारी १९१९ मध्यें एक लाखाहून अधिक गिरणी-कामगारांनीं काम बंद केलें. पगाराचा आंकडा तोच राहून बाजार पुढें निघून गेला, हें त्याचें मुख्य कारण होतें. मुंबई सरकारनें १९२१ सालीं कामगार खातें उघडलें, आणि कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊं लागला. त्यांत जुलै १९१४ चा खर्च १०० धरला होता. धान्य, कापड, जळण, भाडें यांना कामगाराच्या खर्चांत असलेल्या वजनाप्रमाणें स्थान देऊन हा आंकडा काढीत. १९२० च्या अखेरीस तो खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता, असें त्यावरून दिसलें. पगारवाढ मागणाऱ्याच्या हातीं तक्रारीबरोबर आतां मापही आलें.

आंबेडकर त्या वेळीं परळच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत राहणारे. मार्च १९२० मध्यें कोल्हापूर संस्थानांतील माणगांव येथें परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तेथें स्वतः हजर होते. त्याच वर्षीं ते पुन्हां लंडनला गेले. १९२३ सालीं तेथें त्यांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा प्रबंध ग्रंथरूपानें निघाला. त्यांतला मुद्दा असा: रुपया शिलिंगाशीं बांधून ठेवला म्हणजे तो स्थिर झाला असें होत नाहीं, वस्तूंच्या मानानें त्याची खरेदीशक्ति टिकली पाहिजे. रुपया किती काढावा हें सरकारच्या इच्छेवर सोडूं नये, कायद्यानें त्याला मर्यादा असावी. हुंडणावळ उतरली कीं व्यापाऱ्याचा फायदा दिसतो. परंतु तो राष्ट्राचा फायदा नसून, मजुरी मागें राहिल्यामुळें मजुराच्या पदरचें व्यापाऱ्याकडे गेलेलें असतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्याच १९२३ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडूं लागले, आणि जन्मभर सांठविलेल्या ठेवींचा पावाच्या तुकड्यालाही उपयोग राहिला नाहीं.

आपल्याकडे इतकें टोंक गांठलें गेलें नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धानें कठीण धडा दिला. ब्रिटिश सरकार सैन्यासाठीं हिंदुस्थानांत माल खरेदी करी आणि त्याचे पैसे लंडनमध्यें स्टर्लिंगच्या रूपानें जमा करी. त्या जमेच्या आधारावर १९३५ सालीं स्थापन झालेली रिझर्व्ह बँक येथें नोटा काढी. माल रणभूमीवर गेला आणि नोटा बाजारांत राहिल्या. १९३९ ते १९४५ या काळांत चलनांतील नोटा सहापटींहून अधिक झाल्या आणि घाऊक भाव जवळजवळ अडीचपट झाले. १९४० सालीं रुपयांतली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ सालीं निकेलचा रुपया निघाला. मे १९४३ मध्यें मुंबई शहरांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळांत वीस ते तीस लाख माणसें मेलीं. त्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं असें मांडलें कीं, केवळ धान्य कमी पडलें म्हणून हें घडलें नाहीं. तांदळाचा भाव धांवला आणि भूमिहीन मजुराची मजुरी मागें राहिली. घसरलेला रुपया माणसाचा प्राणही घेऊं शकतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न सुटला नाहीं. महाराष्ट्रांत १९७२ चा दुष्काळ पडला, १९७३ च्या अखेरीस जगांत खनिज तेल महागलें, आणि १९७४-७५ सालीं घाऊक भाव एका वर्षांत सुमारें २५ टक्क्यांनीं चढले. त्या वेळीं सरकारनें कायदा करून नोकरवर्गाच्या वाढीव महागाई-भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवींत घातला. पुढें २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत बदल झाला, आणि भाववाढ वर्षाला ४ टक्के, फार तर दोन टक्के वर किंवा खालीं, राखण्याचें लक्ष्य ठरलें.

हें लक्ष्य बरें आहे. पण त्याचाही हिशेब करून पाहावा. मी वर्गांत मुलांना एक सोपी युक्ति सांगत असें. ७२ ला भाववाढीच्या टक्क्यांनीं भागा. जो आंकडा येईल तितक्या वर्षांत रुपयाचें मोल सुमारें निम्में होतें. सहा टक्क्यांना बारा वर्षें, चार टक्क्यांना अठरा वर्षें. म्हणजे लक्ष्य तंतोतंत साधलें, तरी ५८ व्या वर्षीं ठराविक रकमेवर निवृत्त झालेल्या माणसाच्या हातांत ७६ व्या वर्षीं अर्धाच रुपया उरतो. औषधाचा खर्च मात्र ह्याच वयांत वाढावयाचा.

येथें मला माझ्याच गांवांतला एक भेद सांगितला पाहिजे. मी शिक्षक होतों. माझ्या पेन्शनीवर महागाई-भत्ता मिळतो. भाव चढले कीं थोड्या उशिरानें कां होईना, माझी रक्कम चढते. साखर कारखान्यांत आयुष्य घालविलेले माझ्या वयाचे गृहस्थ माझ्याबरोबर पारावर बसतात. त्यांचें पेन्शन १९९५ सालच्या कर्मचारी पेन्शन योजनेंतलें. त्याला महागाई-भत्त्याची जोड मिळाली नाहीं. ह्या योजनेंत २०१४ सालीं दरमहा किमान १,००० रुपये ठरले, आणि पुढें दहा वर्षें तो आंकडा जागचा हलला नाहीं. वर्षाला ५ टक्के भाववाढ धरली तर त्या हजाराची खरेदीशक्ति दहा वर्षांत ६१४ रुपयांवर येते. बाजाराच्या दिवशीं आम्ही दोघे एकाच दुकानांतून डाळ घेतों. भाव दोघांनाही एकच. पिशवी मात्र वर्षागणिक त्यांची लहान होत जाते. यांत त्यांची उधळपट्टी नाहीं, कीं माझी हुशारी नाहीं.

जुन्या खळ्यावर लोहाराला रुपया मिळत नसे, माप मिळे. महागाई-भत्ता म्हणजे तरी दुसरें काय? रुपयांत दिलेलें तें मापच आहे. फरक इतकाच कीं तें जातीवर आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसून प्रसिद्ध झालेल्या निर्देशांकावर अवलंबून आहे. बलुत्यांतलें जें चांगलें होतें तें उचलून, जें वाईट होतें तें टाकून दिल्यासारखें हें झालें. मुंबईच्या कामगारानें त्यासाठीं उपासमार सोसली, आणि परळच्या चाळींतल्या एका विद्वानानें त्यामागचें शास्त्र मांडलें. हें माप कांहींजणांच्या पदरांत पडतें आणि कांहींजणांच्या पडत नाहीं, एवढें काम अजून उरलें आहे. तेव्हां कोणी आपणांस ‘जन्मभर महिन्याला इतके रुपये’ असें वचन देऊं लागला, तर रुपये किती हें विचारण्याबरोबर, ते दर वर्षीं कशानें मोजणार, हेंही विचारावें. आपल्या घरांतल्या वृद्धांसाठीं तर तें अवश्य विचारावें.