सुरतेला जाण्याआधी

वार्षिक परीक्षेचे गठ्ठे बांधून झाले, निकालपत्रकांवर सह्या झाल्या, की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो. रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातली आमची ही उर्दू शाळा. घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि टी.व्ही.वर हिंदी अशा चार बोलींत वाढणारी आमची मुले. आजवर त्यांना घेऊन आम्ही जंजिरा पाहिला, रायगड चढलो, दौलताबाद आणि खुलताबादही केले. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत सुरतेला जायचे आम्ही ठरवले, तेव्हा हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

“मे महिन्यात सुरत? अहो, लोक महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही मुलांना भट्टीत घेऊन निघालात!”

त्यांचे म्हणणे खोटे नाही. मे महिन्यातली सुरत म्हणजे वर तापलेले आभाळ आणि खाली तापीच्या खाडीची दमट हवा. पण आमच्याकडे सुरतेला जाण्याचे एक कारण होते आणि ते कारण सहावीतून सातवीत गेलेल्या एका मुलीने दिले होते.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. ती चौथीत होती. चौथीच्या शिवचरित्रातला सुरतेच्या स्वारीचा धडा आम्ही शिकवत होतो. महाराजांनी सुरतेवर छापा का घातला, केव्हा घातला, त्याचा परिणाम काय झाला, असे सगळे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सुरतेत जे लुटले गेले, ते आपले की परके?”

वर्ग शांत झाला. आम्हालाही काही सुचले नाही. शेवटी, “हा प्रश्न परीक्षेला येत नाही,” असे म्हणून आम्ही तिला खाली बसवले. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मुलाचा एकही प्रश्न मारू नये. त्या दिवशी तो आम्ही मारला. तो मनातून काही गेला नाही. पुढे जे वाचन झाले ते त्या एका प्रश्नापायी झाले आणि ही सहलसुद्धा त्याचीच.

प्रवासाची आखणी करताना आम्ही प्रथम कॅलेंडर काढले, रेल्वेचे वेळापत्रक पाहिले. मग मनात आले की तीनशे-चारशे वर्षांपूर्वी सुरतेला निघणारा माणूस काय पाहत असेल? तो वारा पाहत असे. हिंदुस्थानातून लाल समुद्राकडे जाणारी जहाजे पावसाळ्याआधी, उत्तर-पूर्वेचे वारे चालू असतानाच सुटायची. परतताना नैर्ऋत्येचे वारे शिडात भरून घ्यायचे. अरब खलाशी या ठराविक हंगामाला ‘मौसिम’ म्हणत. तोच शब्द युरोपियनांच्या तोंडी जाऊन ‘मान्सून’ झाला आणि आपल्याकडे ‘मोसम’ होऊन राहिला. भूगोलाच्या पुस्तकातले ‘मोसमी वारे’ शिकवताना मुलांना आम्ही हे आता आवर्जून सांगतो.

यात हज यात्रेकरूंची मोठी अडचण होती. हज येते चांद्रमासाने, म्हणजे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. वारे मात्र सूर्याच्या हिशेबाने वाहतात. दोघांचा मेळ बसला तर बरे. नाही तर यात्रेकरूला मक्केत महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. हजला निघालेला माणूस घरच्यांची माफी मागून, देणीघेणी मिटवून निघत असे. ती नुसती रीत नव्हती. तो परत येईलच याची खात्री कोणालाच नसे.

सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत ते यामुळेच. अकबराने १५७३ साली सुरत घेतली आणि उत्तर हिंदुस्थानच्या हाजींना हक्काचे बंदर मिळाले. पण समुद्रावर राज्य पोर्तुगीजांचे होते. त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घेतल्याशिवाय जहाज सोडणे धोक्याचे. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये शाही घराण्यातल्या स्त्रियांचा काफिला घेऊन हजला निघाली, तर तिलाही या परवान्यापायी सुरतेच्या परिसरात बराच काळ थांबावे लागले. जहाज सुटले १५७६ मध्ये. ती परतली १५८२ साली, वाटेत एडनजवळ जहाज फुटण्याचा प्रसंग सोसून. ‘हुमायूंनामा’ लिहिणाऱ्या या बाईने हजच्या प्रवासाचीही हकीकत लिहून ठेवली असती तर किती बरे झाले असते, असे आम्हाला फार वाटते. बदायुनी सांगतो की त्या काळच्या एका बड्या आलिमाने परवान्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असतात म्हणून समुद्रमार्गे हज फर्ज नाही असे मत दिले होते. बायका मात्र गेल्या!

सुरतेत पाहण्याच्या ठिकाणांची यादी करायला बसलो तेव्हा पहिले नाव लिहिले ते मुगलीसराचे. शहाजहानच्या अमदानीत, १६४४ साली, हकीकत खानाने यात्रेकरूंसाठी आणि प्रवाशांसाठी ही सराई बांधली. मधे चौक आणि चारी बाजूंना खोल्या. इंग्रजी अमलात ती तुरुंग म्हणूनही वापरली गेली आणि १८६७ पासून तिथे नगरपालिकेचा कारभार चालत आला. ज्या खोल्यांत बुखाऱ्याचे आणि लाहोरचे हाजी गाठोडी टेकवून जहाजाची वाट पाहत बसले, तिथे पुढे घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या फायली आल्या. आमचे दादा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. बोट सुटेपर्यंत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहिले होते. तिथले दिवस ते हजइतक्याच गोडीने सांगत. मुंबईहून बोटीने जाणारी हज १९९५ साली बंद झाली. आजच्या मुलांना हज म्हटले की विमानच आठवते. त्यांना मुगलीसरा दाखवायचा तो त्यासाठी.

यादीतले दुसरे नाव सुरतेच्या किल्ल्याचे. पोर्तुगीजांनी १५३० च्या सुमारास सुरत जाळली, पुन्हा लुटली. तेव्हा गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंद खानाने तापीकाठी हा किल्ला उठवला. म्हणजे सुरतेची लूट १६६४ मध्ये सुरू झाली नाही. समुद्रकाठच्या श्रीमंत शहराच्या नशिबी ती आधीपासूनच होती.

आता त्या धड्याकडे येऊ. शाएस्तेखान १६६० पासून तीन वर्षे पुणे प्रांतात तळ ठोकून होता. मुलूख उजाड झाला होता. लाल महालावरचा छापा एप्रिल १६६३ चा, आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले. मोगलांच्या तिजोरीत जकातीचा पैसा ओतणारे बंदर ते हेच. झालेल्या नासाडीची भरपाई मोगलांकडूनच वसूल करायची, हा त्यामागचा हिशेब. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि रयत वाऱ्यावर सोडली. शहराला तेव्हा धड तटबंदीसुद्धा नव्हती. ती औरंगजेबाने नंतर बांधायला लावली. चार-पाच दिवस शहर लुटले गेले आणि त्याचा मोठा भाग आगीत गेला. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० ची.

कोण लुटले गेले? त्या काळच्या इंग्रज आणि डच कागदांत दोन नावे ठळक येतात. एक वीरजी व्होरा, त्या काळातला सुरतेचा सर्वांत धनाढ्य सावकार, जैन. दुसरा हाजी सय्यद बेग, इंग्रजांच्या वखारीशेजारी राहणारा बडा व्यापारी, मुसलमान. दोघांचीही घरे फुटली. वाचले कोण? बर्नियर लिहितो की कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लावला नाही, कारण ते सज्जन आहेत असे महाराजांनी ऐकले होते. डचांच्या एका मयत हिंदू दलालाचे घरही, तो दानधर्मी होता म्हणून, सोडले असेही तो नोंदवतो. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवून बचावले. म्हणजे लुटण्यात आणि सोडण्यात धर्म पाहिला गेला नाही; कोणाकडे पैसा आहे आणि कोणाची कीर्ती काय, हे पाहिले गेले.

आणि हे दृश्य आणखी गुंतागुंतीचे आहे. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. त्यांच्याविरुद्ध समुद्रावर उभा राहिला तो आमच्या शेजारचाच जंजिऱ्याचा सिद्दी. तो १६७० नंतर मोगलांचा आरमारप्रमुख झाला आणि त्याला पैसा मिळे तो सुरतेतून. आमच्या गावातल्या कोणाचे पूर्वज सिद्दीच्या गलबतावर असतील, कोणाचे मराठ्यांच्या, तर कोणाचे हाजींच्या जहाजावर तांडेल असतील. मग यातले ‘आपले’ कोण?

सुरतेच्या हाजींवर सर्वांत क्रूर घाला पडला तो १६९५ मध्ये. औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज हाजी आणि माल घेऊन परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते धरले. दिवसचे दिवस लूट आणि बायकांवर अत्याचार चालले. खाफीखानाने लिहिले आहे की अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या. बातमी सुरतेला येताच शहर पेटले आणि सुभेदाराने इंग्रज व्यापाऱ्यांना त्यांच्याच वखारीत कैद केले. ही हकीकत आमच्या मुलांनी कधी ऐकलेली नाही. ज्यांना या लुटीची झळ लागली ते ‘आपले’ आणि वीरजी व्होरा ‘परका’, असे म्हणता येईल का?

यादीत पुढे कतारगामचे इंग्रज कबरस्तान आहे. १६६४ मध्ये वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली इथेच मेला. त्याच्या आणि त्याच्या भावाच्या कबरीवर घुमटांची दुमजली इमारत आहे, थेट मोगली धाटणीची. डचांच्या कबरस्तानात ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हॅन रीड आहे, मृत्यू १६९१. मेल्यावर आपली कबर मुसलमान अमिरांच्या मकबऱ्याइतकी भव्य दिसावी असे या गोऱ्यांना वाटले, यावरून त्या वेळी दरारा कोणाचा होता ते कळते. मग तो दरारा संपला. मोगल सत्ता ढासळली, इराणची सफवी गादी कोसळली, तापी गाळाने भरत गेली. अब्दुल गफूरसारखा, युरोपियन कंपन्यांशी टक्कर देणारा बोहरी जहाजमालक १७१८ मध्ये वारला आणि त्याचा नातू मुहम्मद अली १७३३ मध्ये कैदेत मेला. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. तोवर मुंबई वर आली होती. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणारा लवजी वाडियाही १७३६ मध्ये सुरतेतूनच आला. आजची मुंबई ही एका अर्थाने सुरतेची लेक आहे.

उर्दूच्या शिक्षकाला सुरत आणखी एका नात्याने जवळची. आपल्या औरंगाबादच्या वली दखनीने सुरत शहराच्या स्तुतीपर एक मस्नवी लिहिली. पुढे गालिबचा शागिर्द मियाँदाद खान ‘सय्याह’, तोही मूळ औरंगाबादचाच, सुरतेत जाऊन राहिला. गालिबची त्याला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. सय्याह म्हणजे प्रवासी. वली अहमदाबादला दफन झाला. २००२ च्या दंगलीत त्याची कबर उखडली गेली आणि त्यावरून डांबरी रस्ता झाला. तिथे मुलांना दाखवायला आता काही नाही. म्हणून वर्गातच वलीची मस्नवी वाचून मग सुरतेची गाडी धरायची, असे आम्ही ठरवले आहे.

एका विद्यार्थ्याची आई शाळेत येऊन हळूच म्हणाली, “सर, गुजरातमध्येच कशाला?” डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेत काय झाले ते तिने ऐकले होते. तिची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणालो नाही. आमचे शिपाई मामा तिथेच उभे होते. ते धुळ्याकडचे, त्यांचे भाऊ पंचवीस वर्षे लिंबायतला लूमवर आहेत. खानदेशातली हजारो कुटुंबे, हिंदू आणि मुसलमान, पोटासाठी तिथे गेलेली आहेत. मामा म्हणाले, “भाभी, माझा भाऊ स्टेशनवर येईल. मुलं त्याच्याच घरी जेवतील.” बाईंनी फॉर्मवर सही केली.

आता आखणी अशी. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी किल्ला आणि मुगलीसरा, दुसऱ्या दिवशी कबरस्ताने. अकरा ते चार सावलीत बसून वह्या लिहायच्या. प्रत्येकाकडे टोपी, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पुडी. शेवटच्या संध्याकाळी सुवाळीचा किनारा. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती तिथे नांगर टाकत. तिथेच १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवले.

वहीच्या पहिल्या पानावर सर्वांनी एकच प्रश्न लिहायचा आहे. तो आम्ही त्या मुलीकडूनच फळ्यावर लिहून घेतला. तिने तो लिहिला, जरा थांबली आणि विचारले, “सर, याचं उत्तर परीक्षेला येणार का?”

“नाही,” आम्ही म्हणालो, “पण या वेळी आम्ही तुला खाली बसवणार नाही.”