सायनोटाइप: दोन बाटल्यांतून निळा फोटो कसा तयार होतो?

कागदावर पान ठेवलं, उन्हात धरलं, पाण्यात बुडवलं आणि निळंशार चित्र तयार! असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. या प्रक्रियेला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल यांनी ती 1842 मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळाच्या अशाच निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. इंजिनिअरांची 'ब्लूप्रिंट' आली ती यातूनच.

पण रील्समध्ये एक भाग हमखास गाळलेला असतो, तो म्हणजे द्रावण बनवणं.

यात लोहाचे दोन क्षार लागतात. पहिल्या बाटलीत 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही आधी थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचे आणि मग पाणी वाढवून प्रत्येक द्रावण 100 मिली करायचं. बाटल्या गडद रंगाच्या हव्यात. पहिल्या द्रावणावर काही दिवसांनी बुरशी येते, तेव्हा ते गाळून घ्या. दोन्ही द्रावणं समप्रमाणात एकत्र करायची ती मंद पिवळ्या दिव्याखाली, आणि त्या दिवशी लागतील तेवढीच. मिश्रण फार टिकत नाही. चमचा आणि ब्रश लोखंडी नकोत, नाहीतर कागदावर निळे ठिपके पडतात.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पहिल्या क्षारातल्या लोहाचं रूप बदलतं. ते फेरिसायनाइडशी जुळलं की प्रशियन ब्लू तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. जिथे ऊन पोहोचलं नाही तिथलं द्रावण धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो.

आता 'सायनाइड' या नावाबद्दल. फेरिसायनाइड म्हणजे ते कुप्रसिद्ध पोटॅशियम सायनाइड नव्हे. यातला सायनाइड लोहाला घट्ट बांधलेला असतो. मात्र कडक ॲसिडशी गाठ पडली किंवा ते खूप तापलं, तर विषारी वायू सुटू शकतो. आपल्याकडे बाथरूम धुवायला ॲसिड सर्रास वापरतात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं: ही द्रावणं आणि ते ॲसिड एका मोरीत कधीही एकत्र येऊ देऊ नका. स्वयंपाकाची भांडीही यासाठी वापरू नका. हातमोजे घाला. विकत घेताना लेबल पूर्ण वाचा, कारण फेरोसायनाइड नावाचं वेगळंच रसायन असतं आणि त्याने काम होत नाही.

बोअरचं क्षारयुक्त पाणी निळा रंग फिका करतं, तेव्हा प्रिंट त्यात तासन्‌तास भिजत ठेवू नका. भिंतीवर लावलेली प्रिंट उजेडाने फिकी झाली, तर काही दिवस अंधारात ठेवून बघा. निळा रंग बराचसा परत येतो.